फोटोबाहेरचा हात

सकाळी सकाळी, विद्यापीठाच्या मुख्य फाटकात चिटपाखरू नसताना, तो शिडीवर चढून स्वतःच्याच फोटोची दोरी सोडत होता.

"धरू का शिडी?"

खालून आवाज आला आणि तो पडता पडता वाचला. खाली बघतो तर एक मुलगी. गळ्यात कॅमेरा, केसांत पेन खोचलेलं, आणि चेहऱ्यावर असं हसू की चोर पकडला तर आहे, पण पोलिसांना सांगायची घाई नाही.

"मी... दोरी सैल झाली होती. घट्ट करत होतो."

"गाठ सोडून?"

"आधी सोडायची. मग घट्ट बांधायची. असंच असतं ते."

"अच्छा!" तिनं शिडी दोन्ही हातांनी धरली. "मग बांधा ना. मी आहे खाली."

काय करणार बिचारा! जो बॅनर उतरवायला आला होता, तोच त्यानं तिच्या देखरेखीखाली दुहेरी गाठ मारून पुन्हा बांधला. वर तिनं "डावीकडून जरा ओढा... हां, आता बरोबर" असंही करून घेतलं. तो खाली उतरला तेव्हा तिनं एकदा बॅनरकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"अय्या... तुम्हीच आहात की हे!"

त्याचे कान तापले. हे त्याचं लहानपणापासूनचं. लाज वाटली की चेहरा शांत राहायचा, पण कान सगळं सांगून टाकायचे.

"लोक आपला बॅनर लागावा म्हणून धडपडतात," ती म्हणाली, "आणि तुम्ही पहाटे उठून गाठी तपासता. केवढी काळजी!"

"तसं नाही हो..."

"मीच काढलाय तो फोटो. माजी विद्यार्थी कक्षात असते मी. वर्षाच्या करारावर." तिनं पुन्हा वर पाहिलं. या वेळी हसली नाही. "माझा आतापर्यंतचा सगळ्यात चांगला फोटो आहे तो."

झालं!

फोटो खरंच चांगला होता, हीच तर पंचाईत होती. त्या वर्षी विद्यापीठामागचं तळं फुटलं आणि पाणी विज्ञान इमारतीच्या तळमजल्यात शिरलं. फोटोत हा गुडघाभर पाण्यात, केस कपाळावर चिकटलेले, छातीशी पिवळ्या रेनकोटात गुंडाळलेलं काहीतरी घट्ट धरलेलं, डोळ्यांत नुसता निर्धार. खाली मोठ्या अक्षरात – 'आम्ही उभे आहोत'. हा फोटो जगभरच्या माजी विद्यार्थ्यांना गेला. कुणी रडलं म्हणे. कुणी नुसतंच रडलं नाही, मदतही पाठवली. सगळ्यांनी गृहीतच धरलं की त्या रेनकोटात मायक्रोस्कोप आहे. मित्र त्याला 'पोस्टर' म्हणायला लागले आणि तेच नाव पडलं.

रेनकोटात केटल होती.

हो, केटल! पाणी गरम करायची. ताईनं दिलेली, स्टीलची, नवीकोरी. लॅबमध्ये ठेवायला बंदी होती म्हणून त्यानं ती मागच्या कपाटात लपवली होती. पाणी शिरलं तेव्हा दिवे गेले, सगळी मुलं रांग करून मायक्रोस्कोप हातोहात वर पोचवायला लागली, आणि हा आधी कपाटाकडे धावला. केटल घेऊन मागच्या दाराकडे वळला तेव्हा अंधारातून लॅबच्या मॅडमचा आवाज आला होता, "ए, कोण आहे तिकडे? हात दे!"

"आलो, आलो," तो म्हणाला होता.

आणि गेला नव्हता. घाबरला होता. पाणी वाढत होतं. बाहेर पडल्यावर परत आत जायचं पायांना सुचलंच नाही. नंतर कळलं, मॅडमच्या हातात तेव्हा लॅबमधला सगळ्यात जुना, पितळी मायक्रोस्कोप होता. दरवर्षी नव्या मुलांना कांद्याचा पापुद्रा पहिल्यांदा त्याच्यातूनच दाखवायची रीत. घ्यायला कुणी आलं नाही म्हणून त्यांनी तो टेबलावर टेकवला, टेबल तरंगायला लागलं, आणि तो पाण्यात गेला. पूर ओसरल्यावर चिखलातून निघाला, पण त्यातून काही दिसेनासं झालं होतं.

हे कुणालाच माहीत नव्हतं. ताई सोडून. तिचा फोन बॅनर लागला त्याच आठवड्यात आला.

"काय हिरो! मायक्रोस्कोपला तोटी असते का रे?"

"कसली तोटी?"

"रेनकोटातून चोचीसारखं काहीतरी बाहेर आलंय. मी दिलेली केटल कुठाय?"

"...आहे."

"आहे ना? ठणठणीत?"

"ताई, गप बस ना!"

"मी गप्पच आहे. पण बाबांना कोण गप्प करणार? दुकानात चष्म्याचा नंबर काढायला कुणी आलं की अक्षरांच्या पाटीऐवजी तुझा फोटो धरतात समोर. म्हणतात, हा कोण दिसतो सांगा. काल एका आजोबांनी सांगितलं, कुणीतरी कोंबडी घेऊन पळतंय. बाबांनी त्यांना जाडच काच दिली."

तो हसला. आणि हसता हसता त्याला रडूच यायला लागलं.

म्हणूनच तो पूर ओसरल्यावर रोज दुपारी मॅडमच्या लॅबमध्ये जाऊन बसायला लागला होता. भिजलेल्या भिंगांना बुरशी लागते. ती लागायच्या आत पुसायचं, वाळवायचं. भिंगं पुसायला तो बाबांच्या दुकानातच शिकला होता. मॅडमना वाटायचं केवढा गुणी मुलगा! "बाळा, तू नसतास तर मी काय केलं असतं?" त्या म्हणायच्या, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मॅडमचे गुडघे दुखायचे, म्हणून त्या स्टुलावर बसून काम सांगायच्या आणि हा पळायचा. जितका पळायचा तितकं कौतुक. जितकं कौतुक तितकी लाज. जितकी लाज तितका आणखी पळायचा.

बॅनरखालच्या त्या भेटीनंतर दोनच दिवसांनी ती लॅबमध्ये हजर.

"गाठ कशी आहे?" तिनं दारातूनच विचारलं.

"कसली?"

"बॅनरची. मी रोज बघते. सैल झाली तर कळवीन."

तिला सगळे 'क्लिक' म्हणायचे. ती बोलता बोलता फोटो काढायची, समोरच्याला कळायचंही नाही. लॅबच्या कोपऱ्यात बंद पडलेला एक फ्रिज होता. तिनं तो उघडला, तर आत मायक्रोस्कोप ओळीनं बसलेले आणि त्यांच्या पायाशी पांढऱ्या पुड्यांचा खच.

"हे काय? थंड करताय त्यांना?"

"हा उलटा फ्रिज आहे," तो म्हणाला. "बंदच आहे. पण दाराचं रबर चांगलं आहे ना, बाहेरची हवा आत येत नाही. आणि बुटांच्या खोक्यात त्या पुड्या येतात बघा... 'खाऊ नका' लिहिलेल्या. त्या ओल शोषून घेतात."

"कुणाची आयडिया?"

"माझी," म्हणताना त्याचे कान तापले. ही एकच गोष्ट खरी त्याची होती, आणि ती सांगतानाही लाजच वाटली.

पुड्या मात्र पुरेनात. मग तिनंच आपल्या पत्रिकेत लिहिलं – 'माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्या कपाटातल्या जुन्या खोक्यांत बघा. त्या पुड्या फेकू नका, आम्हाला पाठवा.' आणि अहो, काय सांगू! पाकिटांवर पाकिटं यायला लागली. कुठून कुठून. कुणी औषधाच्या बाटलीतल्या पाठवल्या, कुणी नव्या पर्सेतल्या. एका बाईनं लिहिलं, तुमच्यासाठी बूट विकत घेतले, नवऱ्याला कारण सांगितलं तर पटत नाहीये. मदत म्हणून इमारती बांधून देणारे होतेच, पण या पुड्यांनी लॅबला जी मजा आणली ती कशानं आणली नाही.

क्लिक रोज दुपारी पाकिटं फोडायला यायची. पुड्यांतले निळे दाणे ओल शोषली की गुलाबी व्हायचे. ते भट्टीत तापवले की पुन्हा निळे.

"हे तुझ्या कानांसारखेच आहेत," ती एकदा म्हणाली. तुम्हीचं तू कधी झालं होतं, दोघांनाही आठवत नव्हतं.

"माझे कान निळे असतात?"

"नाही, पण गुलाबी पटकन होतात. आत्ता झाले."

"उकडतंय."

"पंखा लावू?"

"नको... पुड्या उडतील."

"मग राहू देत गुलाबी." तिनं मूठभर दाणे त्याच्या तळहातावर ओतले. दाणे ओतून झाले तरी तिची बोटं तिथंच राहिली... क्षणभर. मग तिनं पटकन कॅमेरा उचलला आणि उगाचच खिडकीचा फोटो काढला.

त्याला तेव्हाच सांगावंसं वाटलं. ओठांवर आलंही होतं. पण ती खिडकीकडे बघत म्हणाली, "खरं सांगू? त्या दिवशी मी पण पाण्यात उभी होते. सगळे ओरडत होते, मला काही सुचत नव्हतं. आणि तू दारातून बाहेर आलास... तुला बघितलं आणि माझी भीती गेली."

आता अशा मुलीला कुठल्या तोंडानं सांगायचं की तो माणूस केटल घेऊन पळत होता?

त्यानं नाही सांगितलं. दिवस गेले, लॅब पुन्हा सुरू झाली, नवी मुलं आली, आणि वर्षाच्या शेवटी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला.

त्या संध्याकाळी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर ती जवळजवळ नाचतच आली.

"ऐक, ऐक! ज्या आजींनी नवी लॅब बांधून दिली ना, त्या स्वतः येतायत. याच लॅबमध्ये शिकल्यात त्या. त्यांना फक्त एकाच माणसाला भेटायचंय. ओळख कोण?"

"मॅडमना?"

"वेडा! तुला. आमच्या कक्षाच्या साहेबांनी ठरवलंय, तू तसाच पिवळा रेनकोट गुंडाळून, तसाच मायक्रोस्कोप छातीशी धरून स्टेजवर यायचं आणि आजींच्या हातात द्यायचा. मागे माझा फोटो, भला मोठा! आणि साहेब म्हणालेत, मेळावा नीट झाला तर मला कायम करतील."

तो बसल्या जागी थिजला.

"काय झालं? भीती वाटते? अरे, नुसतं चालायचंय."

"क्लिक... त्यात मायक्रोस्कोप नव्हता."

"कशात?"

"रेनकोटात. केटल होती. माझी."

ती हसली. मग तो हसत नाही हे पाहून थांबली. त्यानं सगळं सांगितलं. कपाट, अंधार, तो आवाज, 'आलो आलो'. सांगताना तो पायरीवरची एक भेग नखानं कोरत होता. वर बघायची हिंमतच नव्हती.

"म्हणजे मी..." ती हळूच म्हणाली, "मी वर्षभर एका केटलकडे बघून..."

"हो."

"आणि तू वर्षभर मला बघू दिलंस."

ती उठली आणि निघून गेली. कॅमेरा पायरीवरच विसरली, मग परत आली, त्याच्याकडे न बघता उचलला, आणि पुन्हा गेली. हे परत येऊन जाणं त्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुड्या तापवत होता. मॅडम जेवायला गेल्या होत्या. ती आली. डोळे सुजलेले. एक मोठा छापलेला फोटो टेबलावर ठेवला.

तोच फोटो. पण हा रुंद होता. डावीकडे तो, आणि उजवीकडे, जिथं बॅनरची कड संपायची त्याच्याही पुढे, अजून बरंच काही. मुलांची रांग. हातातून हातात जाणारे मायक्रोस्कोप. आणि रांगेपासून जरा दूर, मागच्या दारात मॅडम. एका हातात पितळी मायक्रोस्कोप कवटाळलेला. दुसरा हात पुढे केलेला... त्याच्या पाठीकडे. रिकामा.

त्यानं तो हात पहिल्यांदाच पाहिला. आवाज ऐकला होता, हात पाहिला नव्हता.

"साहेब म्हणाले, गर्दी नको, एकच चेहरा हवा," ती म्हणाली. "चेहरा दिसला की लोक मदत करतात म्हणे. मी कापला. रांग कापली, मॅडमना कापलं. हा हात दिसला होता मला. वाटलं, कुणाला तरी बोलावतायत, असेल काहीतरी... नीट बघितलंच नाही. फोटो इतका छान दिसत होता ना कापल्यावर. काल तुझ्यावर एवढी चिडले, आणि रात्रभर स्वतःचीच लाज वाटत राहिली. तू पळालास तो घाबरून. मी तर शांतपणे खुर्चीत बसून कापलंय."

"तुला माहीत नव्हतं."

"रांग तर दिसत होती ना मला!"

दोघं त्या फोटोकडे बघत उभे राहिले. दोन गुन्हेगार आणि एक पुरावा. भट्टीतले दाणे केव्हाच निळे झाले होते, काढायचं भान कुणाला नव्हतं.

दारात मॅडम उभ्या होत्या.

त्यानं फोटो उचलून त्यांच्या हातात दिला. "तो मी होतो मॅडम. तुम्ही हात मागितलात तेव्हा."

मॅडमनी चष्मा वर केला. फोटो डोळ्यांजवळ नेला.

"मला वर्षभर वाटत होतं," त्या म्हणाल्या, "की त्या गोंधळात माझा आवाज कुणाला ऐकूच गेला नाही. म्हणजे ऐकला होतास तू."

"हो."

"बरं."

बस्स, एवढंच. स्टुलावर बसल्या, भिंग उचललं, पुसायला लागल्या. संध्याकाळपर्यंत त्यांनी त्याला चिमटा मागितला, कापूस मागितला, पण एकदाही बाळा म्हटलं नाही. तो गेला नाही. मागेल ते देत राहिला.

मेळाव्याच्या दिवशी सभागृह खच्चून भरलेलं. साहेब पहिल्या रांगेत, नव्या कोटात. त्याचं नाव पुकारलं गेलं. तो पिवळा रेनकोट छातीशी धरून स्टेजवर आला आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट. कडेला क्लिक लॅपटॉपपाशी उभी होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. आणि मागच्या पडद्यावर तो फोटो आला. आख्खा. कडेपर्यंत.

साहेब अर्धे उठले, आणि लोक बघतायत म्हणून पुन्हा बसले.

त्यानं रेनकोट उलगडला. केटल दिव्यांत अशी चमकली की विचारू नका. कुणीतरी फिसकन हसलं.

"पुरातून मी ही वाचवली," तो म्हणाला. कान तर पेटलेच असतील. "तुम्ही ज्यांच्यासाठी मदत पाठवलीत ते फोटोत उजवीकडे आहेत. तो पुढे केलेला हात आमच्या मॅडमचा. मी तो घेतला नाही. म्हणून तुमचा पितळी मायक्रोस्कोप बुडाला. बॅनरवर मी नको होतो."

आजी खुर्चीत बसून पडद्याकडे बघत होत्या. छोट्याशा, ताठ, हातात काठी. त्यांनी माइक मागून घेतला.

"तुला काही बोलत नाही मी. तुझं तू बघ," त्या म्हणाल्या. "पण ती रांग इथं का नाही? त्या मुलांना बोलवा. आणि त्या बाईंना आधी बोलवा. मला त्यांना भेटायचंय."

सभागृहात खुर्च्या सरकल्या. कुठून कुठून मुलं उठली, लाजत, एकमेकांना ढकलत. मॅडम सगळ्यात पुढे. स्टेजच्या पायरीपाशी आल्या आणि थांबल्या. पायऱ्या उंच होत्या, गुडघे नाही म्हणत होते. त्यांनी वर पाहिलं. मुलं मागे ताटकळली. आणि मॅडमनी हात पुढे केला.

"ए बाळा," त्या म्हणाल्या. "हात दे."

तो गेला. केटल खाली ठेवायचंही सुचलं नाही, एका हातात ती, दुसऱ्या हातानं मॅडमना वर घेतलं. मॅडमनी त्याच्या कानाशी हळूच म्हटलं, "उद्या दुपारी ये. पितळीची भिंगं अजून साफ व्हायचीत." त्याला समोरचं सभागृह एकदम धूसर दिसायला लागलं.

साहेबांनी त्याच आठवड्यात क्लिकला सांगून टाकलं की पुढच्या वर्षी तुमची गरज नाही. त्यांनी ते फार गोड शब्दांत सांगितलं. ती जेवढं सामान होतं तेवढं एका पिशवीत भरून बाहेर पडली, आणि फाटकापाशी बघते तर शिडी. वर हा.

"धरू का शिडी?"

"धर. या वेळी खरंच उतरवतोय."

"गाठ सुटते का?"

"कुठली सुटायला! तूच दुहेरी मारायला लावलीस."

ती हसली. इथंच, बाजारातल्या एका छोट्या छापखान्यात तिला काम मिळालं होतं. लग्नपत्रिकांवरचे फोटो नीट करायचे. "कुणालाही कापायचं नाही या अटीवर घेतलंय," ती म्हणाली. "लग्नघरचे काकाच भांडतील म्हणे, एकही काका कापला तर."

बॅनर सुटून खाली आला आणि दोघांच्या डोक्यावर पडला. आत, त्या कापडाखाली, सगळं पिवळं पिवळं दिसत होतं.

"तू सांगितलं होतंस," तो तिथंच, कापडाखालीच म्हणाला, बाहेर बोलायची हिंमत झाली नसती, "मला बघून तुझी भीती गेली होती. ती... खोटीच गेली ना मग?"

"गेली ती गेली. परत नाही आली. आणि ऐक. फोटोतला तो मला आवडायचा, खोटं कशाला बोलू. पण त्याच्याशी मी कधी पाच मिनिटं बोलले नाही. ज्याच्याशी रोज दुपारी बोलायचे ना... उलट्या फ्रिजवाला..."

"त्याचं काय?"

"तो आवडतो. अजून. चिडले होते तेव्हाही आवडत होता, म्हणून तर जास्त चिडले."

"मलाही तू... म्हणजे मी केव्हापासून... पण सांगायचं कसं, आधी केटलच सांगायची राहिली होती..."

"कान दाखव."

"इथं सगळंच पिवळं आहे, दिसायचे नाहीत."

"दाखव रे, हात लावून बघते." तिनं लावला. "बाप रे! भट्टीत घालू का तुला?"

बाहेर आल्यावर तिनं कॅमेरा शिडीच्या पायरीवर ठेवला, काहीतरी फिरवलं आणि धावत येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. "हलू नकोस. आपोआप निघेल."

"मी कडेला तर येत नाहीये ना?"

"येऊ दे की. मी कापणार नाही," ती म्हणाली, आणि कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून त्याच्याकडेच बघायला लागली, तेवढ्यात तो वाजला.